आपल्या भागात गुन्हे वाढले म्हणजे नेमके काय वाढले?

दरवर्षी जानेवारीत सरत्या वर्षाची गुन्ह्यांची आकडेवारी वर्तमानपत्रांत येते आणि दोन दिवसांत तिचे कात्रण सोसायटीच्या व्हॉट्सॲप गटावर पोहोचते. ‘आपल्या पोलीस ठाण्याच्या हद्दीत चोऱ्या चाळीस टक्क्यांनी वाढल्या’ असे वाचले की कुणी रखवालदार बदलायची मागणी करतो, कुणी फेरीवाल्यांकडे बोट दाखवतो, आणि भाड्याचे घर शोधणारा एखादा त्या भागाचे नावच यादीतून खोडून टाकतो. यांतले काहीही करण्यापूर्वी तो आकडा कसा तयार झाला हे तपासण्याची एक रीत आहे, आणि त्यासाठी संख्याशास्त्राची पदवी लागत नाही. पुढची उदाहरणे प्रामुख्याने मुंबईची आहेत. हद्दींच्या प्रश्नासाठी मात्र पुण्याकडे वळावे लागेल.

पोलिसांचा आकडा घडलेल्या गुन्ह्यांचा नसतो, नोंदवलेल्या गुन्ह्यांचा असतो, ही यातली पहिली गोष्ट. गुन्ह्यांत झालेली वाढ आणि पोलिसांनी केलेल्या नोंदींत झालेली वाढ या दोन वेगळ्या बाबी आहेत, असे राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग आपल्या वार्षिक अहवालांत स्वतःच सांगत आला आहे. अहवालावरून बातमी करणारे ते पान सहसा उलटतच नाहीत.

सर्वांत आधी आकड्यात कोणती नोंद मोजली आहे ते पाहावे. पोलीस ठाण्यात गेलेली तक्रार तीन वेगवेगळ्या वाटांनी जाऊ शकते. दखलपात्र गुन्हा, म्हणजे ज्याचा तपास पोलीस न्यायालयाच्या आदेशाविना सुरू करू शकतात असा, असेल तर प्रथम खबर अहवाल, म्हणजे एफआयआर, लिहिला जातो आणि त्याला गुन्हा रजिस्टरचा क्रमांक मिळतो. अदखलपात्र असेल तर ज्याला सगळे ‘एनसी’ म्हणतात ती नोंद होते. वस्तू हरवल्याची तक्रार असेल तर केवळ गहाळ झाल्याचा दाखला मिळतो. वर्तमानपत्रात येतो तो बहुधा फक्त पहिल्या वाटेचा हिशेब. काही वर्षांपूर्वी गर्दीच्या एका बाजारात माझ्या खिशातून मोबाइल गेला, तेव्हा ठाणे अंमलदारांनी शांतपणे विचारले, ‘‘काढताना पाहिलंत का कुणाला?’’ मी नाही म्हणालो. ‘‘मग चोरीला गेला कसं म्हणता? हरवला म्हणा, सिमकार्डसाठी दाखला लगेच मिळेल.’’ मला सिमकार्डाची घाई होती, मी हरवला म्हणालो, आणि त्या महिन्याच्या आकडेवारीतून एक चोरी वजा झाली. असे किती जण रोज ‘हरवला’ म्हणत असतील याचा विचार केला म्हणजे मोबाइलचोरीचा आकडा किती लवचीक आहे हे लक्षात येते.

हाच लवचीकपणा उलट्या दिशेनेही चालतो. मुंबईच्या लोहमार्ग पोलिसांनी २०१७ च्या सुमारास गहाळ मोबाइलच्या तक्रारी चोरी म्हणून नोंदवण्यावर भर दिला, तेव्हा उपनगरी रेल्वेवरील चोऱ्यांचा आकडा कित्येक पटींनी फुगला. खिसेकापूंची संख्या एका वर्षात तेवढी वाढलेली नव्हती; पूर्वी वहीत न येणारी चोरी वहीत येऊ लागली होती. अशी उडी दिसली की त्या वर्षी वरून कोणता आदेश आला होता, हे आधी शोधावे.

काही आदेश तर देशभराचे असतात आणि त्यांच्या तारखा पाठ असलेल्या बऱ्या. बेपत्ता अल्पवयीन मुलाची तक्रार आली की अपहरणाचा गुन्हा नोंदवण्याची रीत सर्वोच्च न्यायालयाच्या मे २०१३ च्या आदेशानंतर रूढ झाली. त्यामुळे घरातून रागावून गेलेला आणि दोन दिवसांनी परतलेला मुलगाही ‘अपहरण’ या रकान्यात मोजला जातो. त्याच वर्षी फौजदारी कायद्यातील दुरुस्तीने बलात्काराची व्याख्या विस्तारली आणि अशा तक्रारी नोंदवून न घेणारा पोलीस अधिकारी शिक्षेस पात्र ठरला. नोव्हेंबर २०१३ मध्ये ललिता कुमारी खटल्याच्या निकालाने दखलपात्र गुन्ह्याची खबर मिळताच एफआयआर नोंदवणे बंधनकारक ठरवले. २०१२ आणि २०१४ हे आकडे शेजारी ठेवून ‘महिलांवरील अत्याचार इतके टक्के वाढले’ असे म्हणणाऱ्याने दोन वेगळ्या मापट्यांनी धान्य मोजलेले असते. एप्रिल २०१९ च्या एका निकालाने सासरच्या छळाची तक्रार माहेरच्या ठाण्यातही करता येते हे स्पष्ट केले. तेव्हापासून एखाद्या वस्तीतील असे गुन्हे तिथल्या सासरांबद्दल सांगतात की तिथे माहेर असलेल्या लेकींबद्दल, हे नुसत्या आकड्यावरून कळत नाही.

सध्या सर्वांत जास्त घोटाळा होतो तो १ जुलै २०२४ च्या रेषेमुळे. त्या दिवशी भारतीय दंड संहितेची जागा भारतीय न्याय संहितेने घेतली. चोरीचे कलम ३७९ चे ३०३ झाले, फसवणुकीचे ४२० चे ३१८ झाले, विनयभंगाचे ३५४ चे ७४ झाले. त्यातच १ जुलैपूर्वी घडलेला गुन्हा नंतर नोंदवला तरी तो जुन्याच कलमाखाली जातो, म्हणून २०२४ आणि त्यानंतरच्या आकड्यांत दोन्ही संहितांची बेरीज केली आहे का, हे विचारलेच पाहिजे. केवळ क्रमांक बदलले असते तर प्रश्न सोपा होता. सोनसाखळी हिसकावण्याचा गुन्हा मुंबईत पूर्वी बहुधा जबरी चोरी म्हणून नोंदवला जाई. नव्या संहितेत हिसकावण्याला ३०४ हे स्वतंत्र कलम मिळाले आहे. त्यामुळे जबरी चोरीचा रकाना घटलेला दिसला तर शेजारचा नवा रकाना पाहिल्याशिवाय आनंद मानू नये. आणखी एक बारकावा सहज नजरेतून सुटतो. पहिल्यांदाच दोषी ठरणाऱ्याने केलेली, पाच हजार रुपयांहून कमी किमतीच्या ऐवजाची चोरी न्याय संहितेसोबत आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या, म्हणजे नव्या प्रक्रिया कायद्याच्या, परिशिष्टात अदखलपात्र ठरवली आहे. स्वस्तातला मोबाइल, गॅलरीतली सायकल, दुकानाबाहेरचा माल अशा चोऱ्या एफआयआरच्या वाटेवरून एनसीच्या वाटेकडे वळण्याची सोय त्यातून झाली. ज्या भागात लोकांच्या खिशात महागडे फोन नाहीत, तिथला चोरीचा आकडा यामुळे श्रीमंत भागापेक्षा अधिक घसरू शकतो, आणि ती घसरण सुरक्षिततेची खूण मानली जाऊ शकते.

मोजणीचा आणखी एक नियम आहे: एका एफआयआरमध्ये कितीही गुन्हे असले तरी राष्ट्रीय तक्त्यात तो सर्वांत गंभीर गुन्ह्याखाली एकदाच मोजला जातो. बलात्कार करून खून झाला तर तो खून म्हणून मोजला जातो. एका भिशीत दोनशे जण बुडाले आणि एकाच फिर्यादीवर गुन्हा दाखल झाला, तर आकडा एकने वाढतो.

नोंदीचा प्रश्न सुटला की हद्दीचा येतो, आणि माझ्या मते इथेच सर्वाधिक वाचक फसतात. आपण ‘दादर’ म्हणतो तेव्हा मनात स्टेशन, फुलबाजार, शिवाजी पार्क असे सगळे एकत्र असते. पोलिसांच्या लेखी ते एक नाही. फलाटावर किंवा लोकलमध्ये पाकीट मारले गेले तर गुन्हा लोहमार्ग पोलिसांकडे जातो, ज्यांचे मुंबईत आयुक्तालयच वेगळे आहे. पुलाच्या पायऱ्या उतरून रस्त्यावर आल्यावर तेच घडले तर शहर पोलिसांकडे. रस्त्याच्या एका बाजूचे ठाणे वेगळे आणि समोरच्या बाजूचे वेगळे, असेही असते. महापालिकेचे प्रभाग, पोलिसांची परिमंडळे आणि विधानसभेचे मतदारसंघ यांच्या सीमा एकमेकींशी जुळत नाहीत, त्यामुळे ठाण्याच्या गुन्ह्यांना प्रभागाच्या लोकसंख्येने भागण्याचा मोह आवरावा.

हद्दी बदलतातही. १५ ऑगस्ट २०१८ रोजी पिंपरी-चिंचवडचे स्वतंत्र पोलीस आयुक्तालय सुरू झाले, तेव्हा पुणे शहराच्या आकड्यांतून एक आख्खे औद्योगिक नगर बाहेर पडले. २०१७ आणि २०१९ ची पुण्याची तुलना करून गुन्हेगारी घटल्याचे श्रेय कुणी घेतले असेल तर ते हिशेबाबाहेरचे होय. २०२१ मध्ये लोणी काळभोर आणि लोणीकंद ही ग्रामीण पोलिसांकडची ठाणी पुणे शहरात आली, म्हणजे आकडा उलट्या दिशेने हलला. २०२४ मध्ये बाणेर, खराडी, वाघोली, फुरसुंगी, काळेपडळ, आंबेगाव आणि नांदेड सिटी अशी सात नवी ठाणी सुरू झाली. खराडीचा भाग आधी चंदननगरकडे होता. त्यामुळे २०२५ मध्ये चंदननगरचे गुन्हे घटलेले दिसणे स्वाभाविक आहे; आणि नवे ठाणे घराजवळ आले की पूर्वी तक्रारीला न जाणारे लोकही जाऊ लागतात, म्हणून खराडी आणि चंदननगर यांची बेरीज आधीच्या एकट्या चंदननगरपेक्षा जास्त भरली तरी त्यात आश्चर्य नाही. यावर उपाय एकच: जुन्या हद्दीतून फुटलेली सगळी ठाणी पुन्हा एकत्र करून बेरीज घ्यावी आणि मगच मागील वर्षाशी तुलना करावी.

आता भागाकार. दर म्हणजे साधारणतः एक लाख लोकसंख्येमागे गुन्हे. पण कोणती लोकसंख्या? २०२१ ची जनगणना झालीच नाही, त्यामुळे बहुतेक दर २०११ च्या आकड्यांवर किंवा त्यांवरून केलेल्या अंदाजांवर उभे आहेत. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या अहवालातही मुंबईपुढे २०११ ची १८४.१ लाख लोकसंख्या आहे. ही ठाणे, कल्याण, नवी मुंबई धरून होणाऱ्या नागरी समूहाची संख्या आहे. बृहन्मुंबईची लोकसंख्या त्या वेळी सुमारे १२४ लाख होती. भाज्य केवळ मुंबई पोलिसांचे आणि भाजक साऱ्या समूहाचा, अशी जोडी जमली तर दर प्रत्यक्षापेक्षा दोन तृतीयांशच दिसतो. दोन शहरांची क्रमवारी लावणाऱ्या बातम्या वाचताना हे एवढे तपासले तरी बराच गोंधळ टळतो.

शहराच्या आत तर लोकसंख्या दिवसातून दोनदा बदलते. काळबादेवी, भुलेश्वरचा ‘सी’ प्रभाग २०११ मध्ये अवघ्या १.६६ लाख रहिवाशांचा होता, आणि मुंबई शहर जिल्ह्याची लोकसंख्या २००१ ते २०११ दरम्यान ३३.४ लाखांवरून ३०.९ लाखांवर उतरली. तिथल्या गल्ल्यांतून दिवसा फिरणारे व्यापारी, हमाल, गिऱ्हाईक यांचे खिसे कापले गेले की गुन्हा तिथे नोंदवला जातो, मात्र भागाकार रात्री तिथे झोपणाऱ्यांनीच होतो. वांद्रे-कुर्ला संकुलात रहिवासी थोडे आणि दफ्तरे फार. सहार पोलीस ठाण्यात नोंदले जाणारे बनावट पासपोर्टचे गुन्हे विमानतळामुळे आहेत, सहार गावातल्या कुणामुळे नव्हेत. आझाद मैदान ठाण्यातील बेकायदा जमावाचे गुन्हे तर राज्यभरातून आलेल्या मोर्चेकऱ्यांवरचे असतात. अशा भागांसाठी लोकसंख्येचा दर काढूच नये. तिथल्याच मागच्या वर्षांशी नुसत्या संख्येची तुलना करावी. घरफोडीसाठी घरांची संख्या, वाहनचोरीसाठी वाहनांची संख्या हा भाजक अधिक योग्य, अर्थात तो मिळाला तर.

छोट्या संख्यांबद्दल एक आडाखा सांगतो, तो रोज वापरता येतो. समजा, एका ठाण्यात गेल्या वर्षी घरफोड्या ४० होत्या आणि यंदा ५५ झाल्या. टक्केवारीत ही साडेसदतीसची वाढ आहे आणि मथळा तयार आहे. आता दोन्ही संख्यांची बेरीज करा: ९५. तिचे वर्गमूळ काढा: साधारण पावणेदहा. त्याची दुप्पट करा: साडेएकोणीस. दोन वर्षांतला फरक १५ आहे, म्हणजे त्या मर्यादेच्या आत. इतका चढउतार काहीही न बदलता, निव्वळ योगायोगानेही होऊ शकतो. हेच आकडे ४०० आणि ५५० असते तर बेरीज ९५०, वर्गमूळ सुमारे ३१, दुप्पट ६२, आणि फरक १५०. इथे मात्र कारण शोधायला हवे. मर्यादा ओलांडली म्हणून लगेच धावू नये, कारण मुंबईत नव्वदहून अधिक पोलीस ठाणी आहेत आणि साऱ्या शहरात काहीही बदल झालेला नसतानाही त्यांतली चार-पाच ठाणी या कसोटीबाहेर जाणारच. वर्तमानपत्र नेमकी तीच चार-पाच निवडते. खुनाच्या बाबतीत ‘दुप्पट झाले’ हे वाक्य दोनाचे चार झाल्यावरही लिहिता येते, म्हणून एका ठाण्याचे खून किमान पाच वर्षांच्या बेरजेनेच पाहावेत.

महिन्यामहिन्यांची तुलना करणाऱ्यांनी पंचांगही जवळ ठेवावे. लालबागच्या दर्शनरांगांत आणि विसर्जनाच्या गर्दीत मोबाइल व सोनसाखळ्या जाण्याच्या तक्रारी दरवर्षी काळाचौकी आणि आसपासच्या ठाण्यांत येतात. २०२४ मध्ये गणेशोत्सव ७ ते १७ सप्टेंबरला होता. २०२५ मध्ये २७ ऑगस्ट ते ६ सप्टेंबर. २०२४ च्या ऑगस्टशी २०२५ च्या ऑगस्टची तुलना केली तर बाप्पा लवकर आले एवढेच सिद्ध होते. २०२० या वर्षाशी तर कुठलीच तुलना करू नये. त्या वर्षी देशभरातील एकूण दखलपात्र गुन्हे २८ टक्क्यांनी वाढलेले दिसतात, आणि त्या वाढीचा मोठा हिस्सा टाळेबंदीचे आदेश मोडल्याबद्दलच्या कलम १८८ खालील गुन्ह्यांचा आहे. २०१९ मध्ये ते सुमारे २९ हजार होते, २०२० मध्ये ६ लाख १२ हजार झाले. त्याच वर्षी रस्ते ओस पडल्यामुळे चोऱ्या मात्र घटल्या होत्या. साहजिकच २०२१ मध्ये चोरी ‘वाढली’.

पोलिसांच्या हालचालीमुळेच जन्माला येणारे गुन्हे वेगळे काढून ठेवावेत. अमली पदार्थ, जुगार, बेकायदा शस्त्रे यांची तक्रार करायला सहसा कुणी फिर्यादी येत नाही. छापा पडला तर गुन्हा, नाही तर शून्य. एखाद्या वस्तीत असे गुन्हे तिप्पट झाले तर तिथे नशा तिप्पट झाली की नवे वरिष्ठ निरीक्षक आले, हे बाहेरून ओळखता येत नाही. माझा अनुभव दुसऱ्या शक्यतेकडे झुकतो.

मग विश्वास कशावर ठेवावा? दोन रकान्यांवर, बऱ्यापैकी. खून, कारण प्रेत लपवणे कठीण असते. आणि वाहनचोरी, कारण एफआयआरशिवाय विमा कंपनी पैसे देत नाही, त्यामुळे मालक स्वतःच ठाण्यात ठाण मांडून बसतो. हे दोन आकडे धरून बाकीचे पाहावेत. एखाद्या भागात चोरी, मारहाण, विनयभंग यांच्या नोंदी वाढल्या, पण वाहनचोरी आणि पाच वर्षांतले खून जागच्या जागी आहेत, तर नोंदणी सुधारल्याची शक्यता अधिक. उलट वाहनचोरी आणि घरफोडी हातात हात घालून चढत असतील तर भागात खरोखर काही बदलले आहे. शेजारच्या ठाण्यांतही तसेच झाले का, हे लगोलग पाहावे. मुंबईत २०१३ नंतरच्या चार-पाच वर्षांत सोनसाखळी चोरी झपाट्याने उतरली. दागिना गेलेली बाई गप्प बसत नाही आणि त्या काळात कलमही बदललेले नव्हते, म्हणून ती घट खरी मानायला हरकत नाही. पण तिचे श्रेय कॅमेऱ्यांना, नाकाबंदीला की सराईत टोळ्यांवर लावलेल्या मोक्काला, म्हणजे संघटित गुन्हेगारीविरोधी कायद्याला, द्यायचे, हे शहराच्या एकूण आकड्यावरून ठरत नाही, कारण हे सारे थोड्याफार अंतराने एकत्रच घडले. ज्या ठाण्यांच्या हद्दीत कॅमेरे आधी लागले तिथे घट आधी आली का, एवढे पाहिले तरी निम्मे उत्तर मिळते.

न नोंदवलेल्या गुन्ह्यांचा अदमास घेण्यासाठी पोलिसांच्या वहीबाहेर जावे लागते. आयडीएफसी इन्स्टिट्यूट या संशोधन संस्थेने दिल्ली, मुंबई, बंगळूर आणि चेन्नई येथे घरोघरी विचारून केलेली पाहणी २०१७ मध्ये प्रसिद्ध झाली. मुंबईपुरती प्रजा फाउंडेशन ही स्वयंसेवी संस्थाही अशी माहिती गोळा करत आली आहे. अशा पाहण्यांतून ठाण्यापर्यंत जाणाऱ्यांचे प्रमाण किती कमी आहे ते दिसते, मात्र नमुना लहान असल्याने एकेका ठाण्याविषयी त्यांवरून बोलू नये. सायबर फसवणुकीबाबत तर १९३० या क्रमांकावर केलेली तक्रार म्हणजे एफआयआर नव्हे, आणि एफआयआर झालाच तर तो फसलेल्या माणसाच्या ठाण्यात होतो; फसवणारा शेकडो मैलांवर असतो. ज्या भागात निवृत्त आणि पैसेवाले लोक राहतात तिथे हा आकडा चढतो, त्यावरून तिथले रस्ते असुरक्षित ठरत नाहीत.

एवढी चाळणी लावल्यावरही वाढ शिल्लक राहिली तर आकडे बाजूला ठेवून प्रत्यक्ष एफआयआर वाचावेत. सर्वोच्च न्यायालयाच्या सप्टेंबर २०१६ च्या आदेशानुसार संवेदनशील गुन्हे वगळता बाकीचे एफआयआर संकेतस्थळावर टाकावे लागतात, आणि महाराष्ट्र पोलिसांच्या नागरिक पोर्टलवर ठाणे व तारीख निवडून ते पाहता येतात. कथन वाचण्याआधी वरचे रकाने पाहावेत. घटना कधी घडली आणि खबर ठाण्यात कधी मिळाली, या दोन तारखांत कधी दोन तासांचे तर कधी तीन वर्षांचे अंतर असते. यंदाच्या फसवणुकीच्या आकड्यात तीन वर्षांपूर्वीचे व्यवहार किती, ते इथे कळते. त्याखाली घटनास्थळ असते: ठाण्यापासून कोणत्या दिशेला, किती अंतरावर, कोणत्या बीटमध्ये, म्हणजे ठाण्याच्या कोणत्या गस्ती-विभागात. तीस-चाळीस एफआयआरची ही नोंद वहीत उतरवली की बहुतेक वेळा दिसते की ‘आपल्या भागातली’ वाढ एका बसथांब्याभोवती, एका मंडईत किंवा एका अर्धवट पुनर्विकसित इमारतीच्या मागच्या गल्लीत साठलेली आहे.

जे पोर्टलवर नाही ते माहितीच्या अधिकारात मागता येते. दहा रुपयांचे शुल्क भरून संबंधित जनमाहिती अधिकाऱ्याकडे अर्ज करावा. उत्तराची मुदत ३० दिवसांची. ‘गुन्हेगारीची माहिती द्यावी’ असे मोघम लिहिले तर उत्तरही मोघम येते. गेल्या पाच वर्षांची महिनावार आणि कलमवार एफआयआरची संख्या, दोन्ही संहितांची वेगवेगळी; त्याच काळातील एनसी आणि मोबाइल गहाळ झाल्याच्या नोंदी; शून्य क्रमांकाने नोंदवून दुसऱ्या ठाण्याकडे पाठवलेले व तिकडून आलेले गुन्हे, असे स्वतंत्र मुद्दे लिहावेत. शेवटच्या मुद्द्यात ठाण्याच्या हद्दीची सध्याची अधिसूचना आणि तिच्या आधीची अधिसूचना, दोन्हींच्या प्रती मागाव्यात. त्या हाती आल्याशिवाय पाच वर्षांचा तक्ता मांडायला बसू नये.